काळा पुन्हा जागेवर

थंडोबाला थंडोबा हे नाव ज्याने ठेवलं, त्याने सामन्याच्या आधी त्याला स्वच्छतागृहात कधी पाहिलेलं नसणार. तिथे हा माणूस उलटीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून उभा राहायचा. मग तोंड धुवायचा, गळ्यातला बो सरळ करायचा, जाकिटाची बटणं लावायचा आणि हॉलमध्ये असा शिरायचा, की जणू दुपारची झोप काढून कोपऱ्यावर भाजी आणायला निघालाय. लोक म्हणायचे, बघा, याच्या अंगात रक्त नाही, थंड पाणी आहे.

तेवीस वर्षं तो स्नूकरवर पोट भरत होता आणि तेवीस वर्षांत टेबलापाशी त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हललेली कुणी पाहिली नव्हती. एका कंपनीने तर त्याला आपल्या साहेबलोकांसमोर, दडपणाखाली शांत कसं राहावं, यावर बोलायला बोलावलं होतं. तो पाऊण तास बोलला, टाळ्या घेतल्या, सगळ्यांशी हात मिळवले आणि परत येताना दोनदा गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली. दोन्ही वेळा बायकोने पाण्याची बाटली पुढे केली. त्याचं खरं रूप तिला एकटीला ठाऊक होतं आणि तिने ते आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्या भाषणात त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी एक मात्र शंभर टक्के खरी होती. तो भिंतीवरच्या गुणफलकाकडे बघायचा नाही. कधीच नाही. आकडे डोक्यात मोजायचा, स्वतःचे आणि समोरच्याचेही. डोक्यातला आकडा आपल्या ताब्यात असतो, भिंतीवरचा आकडा अंगावर येतो, असं त्याचं म्हणणं. या नियमाने त्याला बरेच सामने जिंकून दिले होते, त्यामुळे त्याचा त्या नियमावर देवासारखा विश्वास बसला होता.

त्या दुपारी त्याला एकच सामना जिंकायचा होता. जिंकला तर व्यावसायिक खेळाडूंच्या यादीत आणखी दोन वर्षं नाव राहणार. हरला तर नाव कापणार, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी नवख्या पोरांच्या रांगेत उभं राहून पहिल्यापासून सुरुवात. दुसरं काही करावं म्हटलं तर त्याला दुसरं काही येतच नव्हतं. घरातला बल्ब बदलायचा झाला तरी बायको स्टुलावर चढायची आणि हा खालून स्टूल धरायचा.

समोर होता कासव. त्याला सगळे कासव म्हणायचे, कारण साध्यातला साधा शॉट मारायलाही तो टेबलाभोवती दोन फेऱ्या घालायचा, चष्मा पुसायचा, पुन्हा एक फेरी घालायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड. यादीत त्याची जागा पक्की होती, त्याला या सामन्यात गमवायला काही नव्हतं. असा माणूस समोर असला की जास्त त्रास होतो. त्याला घाई नसते आणि आपला जीव टांगणीला लागलेला असतो.

नऊ-नऊ फ्रेम झाल्या होत्या. ही एकोणिसावी, शेवटची.

फ्रेमच्या मध्यावर कासवाने पांढरा बॉल तपकिरीच्या मागे असा लपवला की सरळ लाल दिसेना. थंडोबाने टेबलाच्या कडेच्या कुशनवर आपटून पांढरा फिरवला. तो लालच्या शेजारून केसाच्या अंतराने निघून गेला. चुकला हे दिसताच थंडोबाने पाठ फिरवली आणि खुर्चीकडे चालू लागला. तोंडात शिवी आली होती, ती गिळायला त्याला जमिनीकडे बघावं लागलं. मागून पंचबाईंचा आवाज आला, "फाउल," आणि त्याच वेळी कुणीतरी दणकून खोकलं. थंडोबाने कासवाच्या नावावर चार गुण मांडले आणि खाली बसला. फाउलचे चार, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

मग पंचवीस मिनिटं तो नुसता बसून होता. स्नूकरमध्ये सगळ्यात अवघड काम हेच, बसणं. समोरचा खेळतोय आणि आपण पाण्याचा ग्लास धरून सभ्य चेहरा करायचा. डाव्या पायाचा अंगठा बुटात एकसारखा वळत होता, पण बूट काळा आणि चकचकीत, कुणाला काय दिसणार. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बायको बसली होती. ती टेबलाकडे बघत नव्हती, नेहमीप्रमाणे त्याच्या हातांकडे बघत होती.

शेवटचा लाल कासवाने चुकवला. थंडोबा उठला. लाल घेतला, त्यावर काळा घेतला, आणि टेबलावर उरले फक्त सहा रंग. सहा रंगांचे मिळून सत्तावीस. डोक्यातला हिशोब सांगत होता, पंचवीसने मागे. म्हणजे सगळे घेतले तर दोन गुणांनी फ्रेम, सामना आणि दोन वर्षं. एकही चुकला तर काहीच नाही.

पिवळा गेला. हिरवा गेला. तपकिरी जाताना पॉकेटाच्या ओठावर किंचित थबकला, तेव्हा थंडोबाच्या डोळ्यांपुढे क्षणभर दिव्यांचे डाग नाचले. गेला. निळा सरळ होता. सरळ शॉटचीच त्याला जास्त भीती वाटायची, कारण तो चुकला तर सबब राहत नाही. गुलाबी मारून पांढरा काळ्याच्या मागे हवा तिथे आला, तसूभर इकडे ना तिकडे. हॉलमध्ये कुणी हलेना. वातानुकूलन यंत्राचा घर्र आवाज तेवढा वरून येत होता.

काळा. त्याने क्यूच्या टोकाला चॉक लावलं. वाकला. हनुवटी क्यूला टेकवली. क्यू चार वेळा मागेपुढे, पाचव्याला मारायचं, हेही ठरलेलं. पहिल्यांदा तो हलवताना त्याला आपल्या कानात आपलीच नाडी ऐकू आली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मारला.

काळा पॉकेटात पडला तो आवाज त्याने अंगभर ऐकला.

टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्याने डोळे मिटले, लांब श्वास सोडला, आणि त्याच्या हातांनी आपोआप क्यू उघडला. त्याचा क्यू दोन तुकड्यांचा होता. शेवटचा बॉल गेला की तो ताबडतोब फिरवून सोडवायचा, कारण तोवर हात थरथरायला लागायचे आणि काहीतरी करत राहिलं की ते दिसायचं नाही. बायकोचीही खूण ठरलेली होती. क्यू उघडला म्हणजे सामना संपला. ती उठली, पर्समधून फोन काढला आणि लगबगीने बाहेर पडली. घरी थंडोबाचे वडील वाट बघत असणार. बातमी त्यांना आधी कळवायची, हा घरचा रिवाज.

दोन तुकडे डाव्या हातात धरून थंडोबा उजवा हात पुढे करून कासवाकडे गेला. कासव खुर्चीतून उठला नाही. त्याने दोन्ही हात काखेत घातले.

"हात मागे घे," तो हळूच म्हणाला. "मी धरला तर उगाच घोळ होईल. अजून संपलं नाहीये रे बाबा."

थंडोबाला कळेना. त्याने मागे वळून पाहिलं. पंचबाई पॉकेटात हात घालून काळा बाहेर काढत होत्या. त्यांनी पांढऱ्या हातमोज्याने तो पुसला आणि टेबलावर त्याच्या ठिपक्यावर अलगद ठेवला.

तेव्हा तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने सामना चालू असताना भिंतीकडे पाहिलं. चौसष्ट, चौसष्ट.

"त्या फाउलचे सहा होते," पंचबाई म्हणाल्या. आवाजात ना दया ना राग. "पांढरा जाताना गुलाबीला लागला होता. गुलाबीचे सहा. मी सांगितलं होतं."

लागला असणार. याने पाठ फिरवली होती. एक शिवी गिळताना दोन गुण हरवले होते, आणि आता सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि शेजाऱ्याने त्याला गप्प केलं. बरोबरी झाली की काळा पुन्हा जागेवर ठेवतात, नाणेफेक होते आणि जो काळा घेईल त्याची फ्रेम. एकच बॉल. त्याने तो आत्ताच, याच टेबलावर, आयुष्यातला सगळ्यात चांगला शॉट मारून घेतला होता. आता तो पुन्हा घ्यायचा होता आणि अंगात काही उरलं नव्हतं.

क्यूचे दोन तुकडे जोडायला लागला तर आटे जुळेनात. एकदा घसरला, दोनदा घसरला. हात थरथरत होते आणि या वेळी ते लपवायला काही नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. तेवीस वर्षं झाकून ठेवलेलं सामान भर चौकात सांडावं तसं झालं.

आणि तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

ती कुठे गेली हे त्याला लगेच कळलं. बाहेरच्या व्हरांड्यात उभी राहून ती म्हणत असणार, बाबा, जिंकले. आणि बाबा पलीकडून म्हणत असणार, शाबास. मग बाबा शेजारच्यांना हाक मारणार, बहिणीला फोन लावणार, बहीण तिच्या सासरी सांगणार. बातमी पुढे निघून गेली होती आणि खरी गोष्ट इथे अडकून पडली होती. धावत जाऊन सांगावं, थांबा, मी अजून जिंकलेलो नाही? टेबल सोडून जाता येत नाही. आता एकच उपाय होता, ती म्हणतेय ते खरं करून दाखवायचं.

नाणेफेक कासवाने जिंकली आणि पहिला शॉट याला दिला. थंडोबाने मारला. मारायला हवा होता त्याहून जोरात गेला, पण काळा दोन कुशन खाऊन कसाबसा आडोशाला थांबला. कासव उठला. फेरी घातली. चष्मा पुसला. दुसरी फेरी. थंडोबाला वाटलं, या माणसाला इथेच गळा धरून टेबलावर आडवा करावा. मग कासव वाकला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चष्मा पुसणारी बोटंही घामाने ओली आहेत. गमवायला काही नाही म्हणतात, पण शेवटचा बॉल समोर असला की सगळ्यांनाच काहीतरी गमवायचं असतं.

असे सात शॉट झाले. कुणीच संधी देईना. आठवा कासवाचा. त्याने काळा हळूच ढकलला, तो बाजूच्या कुशनपासून चारएक बोटं अलीकडे येऊन थांबला, आणि पांढरा लांब दुसऱ्या टोकाला गेला. सरळ पॉकेट दिसत नव्हतं. शहाण्या माणसाने इथे एकच करावं. काळ्याला नुसता स्पर्श करावा, पांढरा परत खाली आणावा आणि समोरच्याला पुन्हा घाम फोडावा. शेंबडं पोरही हेच सांगेल.

पण त्यासाठी हळू मारायला लागतं, आणि हळू मारायला स्थिर हात लागतो. थंडोबाने आपल्या हाताकडे पाहिलं. असल्या हाताने फक्त जोरात मारता येतं.

दुसरा रस्ता होता. काळा कुशनवर दाणकन आपटायचा आणि उलटून समोरच्या मधल्या पॉकेटात घालायचा. दहा वेळा मारला तर तीनदा जाईल. नाही गेला तर काळा टेबलाच्या मधोमध उघडा पडेल आणि कासव तो डोळे मिटूनही घेईल. म्हणजे एक तर आत्ता संपलं, नाहीतर पुढच्या शॉटला संपलं. कसंही असो, त्या खुर्चीत पुन्हा जाऊन बसावं लागणार नव्हतं. त्याने जोराचा शॉट निवडला तो या एका कारणासाठी. धैर्य वगैरे काही नव्हतं.

तो वाकला. क्यूचं टोक पांढऱ्यासमोर थरथरत होतं, सगळ्यांना दिसत होतं. त्याने ते थांबवायचा प्रयत्न सोडून दिला. आणि तेवढ्यात मनात एक विचार आला. तो इतका स्पष्ट होता की त्यालाच धक्का बसला. चुकला तर सुटलो. उद्या सकाळी उठायचं, चहा प्यायचा, कुठेही जायचं नाही. उलटी नाही, नळ नाही, खुर्ची नाही. कधीच नाही. त्या विचाराचा त्याला मोह पडला, अगदी मनापासून.

चार वेळा क्यू हलवायचं तो विसरला. एकदाच मागे घेतला आणि मारला.

काळा कुशनवर आपटला, टेबल आडवं कापत गेला आणि मधल्या पॉकेटात असा शिरला की पॉकेटाच्या कडेला शिवलाही नाही. हॉल उठून उभा राहिला. कासव या वेळी स्वतःहून आला, हात धरला आणि म्हणाला, "आता घे हात. काय काळीज आहे रे तुझं!"

एक उत्साही आयोजक माइक घेऊन धावत आला. एवढ्या दडपणाखाली असा शॉट सुचतो कसा, त्याला जाणून घ्यायचं होतं. थंडोबाने माइक दोन्ही हातांनी धरला आणि खरं सांगितलं.

"हात थरथरत होते. हळू मारता येत नव्हतं, म्हणून जोरात मारला. फार घाबरलो होतो."

सगळा हॉल हसला. काय साधा माणूस, काय विनोद! पाठीवर थापा पडल्या. "आता दोन वर्षं अगदी निश्चिंत," आयोजक म्हणाला. थंडोबाने मान हलवली आणि दाराकडे निघाला. गळ्यातला बो त्याने चालता चालताच ओढून काढला.

बाहेरच्या व्हरांड्यात बायको दाराला लागून, भिंतीशी उभी होती. फोन हातात होता. चेहरा पांढरा पडला होता.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला. बोर्डावर बघून आलो."

तिने भिंतीला डोकं टेकवलं.

"तुला कसं कळलं काळा परत ठेवला ते?"

"बाबांनी सांगितलं. मी म्हटलं, बाबा, जिंकले! ते आज टीव्ही लावून बसलेले, मला कुठे माहीत? म्हणाले, सूनबाई, डोळे कुठे ठेवून आलीस? तो अजून खेळतोय, आत जा. आणि फोन आपटला."

"मग आत का नाही आलीस?"

"पायच उचलेनात," ती म्हणाली. "अहो, एक सांगू? रागवू नका."

"सांग."

"मी इथे उभी राहून म्हणत होते, चुकू दे." तिचा आवाज फाटला. "एकदाचा चुकू दे, संपू दे सगळं आणि यांना घरी नेऊ दे मला. तुमच्या जन्माची मेहनत आणि मी हे म्हणत होते. तेवढ्यात आत टाळ्या झाल्या आणि मला रडू आलं. आनंदाचं नाही आलं हो."

थंडोबाला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट, कित्येक वर्षांत आलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. सगळ्या हॉलला आपण सांगितलं आणि कुणालाच कळलं नाही, आणि ही बाई दाराबाहेर उभी राहून सगळं जाणून होती, हे त्याला एकदम समजलं.

"वाकलो तेव्हा माझ्याही मनात तेच आलं होतं," तो म्हणाला.

तिने भिंतीला टेकवलेलं डोकं उचललं. "मग नीट कशाला मारलात?"

"हाताला कुठे ऐकू येतं?"

ती रडता रडता हसली आणि हसता हसता पुन्हा रडली. पदर नाही, रुमाल नाही, शेवटी त्याच्या जाकिटालाच डोळे पुसले. आता काय करायचं, हा प्रश्न दोघांच्याही तोंडावर आला आणि दोघांनीही विचारला नाही. दोन वर्षं म्हणजे किती सामने, ते तिला बोटांवर मोजता आलं असतं.

फोन वाजला. बाबा होते. तिने फोन पुढे केला. थंडोबाने हात पुढे केला, पण हात इतका हलत होता की फोन खाली पडला असता. मग तिनेच तो त्याच्या कानाला लावून धरला.

"हो बाबा," तो म्हणाला. "आता खरंच."

पलीकडून बाबांनी काहीतरी मोठ्याने विचारलं.

"दोन वर्षं," तो म्हणाला. बाबा बोलतच राहिले, आणि तिचा हात अवघडला तेव्हा तिने फोन दुसऱ्या हातात घेतला.